प्राणवायू कुणाचा?

माणूस शेवटच्या घटका मोजत असला की आमच्या गावातल्या जुन्या बायका कापसाचा बारीक धागा त्याच्या नाकापुढे धरायच्या. धागा हलला तर 'अजून आहे', आणि नाही हलला की मग रडायला मोकळं. मराठीत 'नाकाशी सूत धरणे' असा वाक्प्रचार आहे, तो यातूनच आलेला. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कुणाचा श्वास वरच्या वर चालू लागला की ती म्हणायची, 'ऊर्ध्व लागला.' पुढे कॉलेजात असताना वाचनालयात चरकसंहितेचं मराठी भाषांतर चाळताना श्वासाचे पाच प्रकार वाचले : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यातला तमकश्वास म्हणजे आपला दमा. आणि ऊर्ध्वश्वास म्हणजे आजीचा 'ऊर्ध्व'. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याचा शब्द निरक्षर बाईच्या तोंडी जसाच्या तसा! त्या दिवशी मला फार भरून आलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणी मला 'आपलं सगळं वाईट म्हणणारा' ठरवू नये.

निमित्त झालं माझ्या भाच्याचं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने एक मजकूर पाठवला. ऑक्सिजनचा शोध पाश्चात्त्यांनी अठराव्या शतकात लावला म्हणतात, पण आपल्या ऋषिमुनींना तो हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होता. पुरावा काय, तर त्याचं नावच मुळी 'प्राणवायू' आहे! मी लिहिलं, 'तसं नाही रे ते.' त्यावर त्याचं उत्तर आलं, 'मामा, तुला आपलं काही चांगलं दिसतच नाही.' आता ग्रुपवर, तेही वीस नातेवाईकांसमोर, भांडण्यात अर्थ नसतो. म्हणून इथे लिहितो. त्याने वाचलं तर बरंच.

आधी शब्दाचं बघू. आयुर्वेदात वायू पाच : प्राण, उदान, समान, व्यान, अपान. यातला प्राणवायू म्हणजे बाटलीत भरून ठेवता येईल असा पदार्थ नाही. शरीरातल्या हालचालींमागच्या शक्तीचं ते एक नाव आहे. गिळणं, श्वास घेणं, शिंकणं ही कामं त्याच्याकडे. हवेतल्या पाचव्या हिश्श्याचा, दिव्याला जळू देणारा वायू तो हाच, असं त्या ग्रंथांत कुठेही नाही. ऑक्सिजन सापडला, त्याचं रसायनशास्त्र आपल्या भाषांत आणायची वेळ आली, तेव्हा कुण्या भल्या माणसाने जुना शब्द नव्या वस्तूला दिला. नाव जुनं, धनी नवा. जुन्या घरात नवा भाडेकरू आला म्हणून घर त्याच्या आजोबांनी बांधलं असं होत नाही.

पण म्हणून आपल्या लोकांनी काही पाहिलंच नव्हतं का? पाहिलं होतं, आणि फार बारकाईने पाहिलं होतं. सुश्रुताने प्रेत तपासायची रीत सांगितली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचं शरीर घ्यावं, मुंज किंवा कुश गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यावं, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघत जावा. याच सुश्रुतात फुप्फुस हे रक्ताच्या फेसापासून झालं असं म्हटलंय. ताज्या फुप्फुसाचा तुकडा ज्याने हातात घेतलाय त्याला यातलं मर्म कळेल. गुलाबी, हलकं, दाबलं तर बुडबुडे फुटल्यासारखं वाटणारं! उत्पत्ती चुकीची सांगितली आहे, पण हे सांगणाऱ्याने फुप्फुस पाहिलं होतं यात शंका नाही. मात्र त्याच ग्रंथात फुप्फुस हृदयाच्या डावीकडे सांगितलंय आणि उजवीकडे 'क्लोम'. हे क्लोम म्हणजे नेमकं काय, यावर वैद्यांनी शेकडो पानं खर्ची घातली आहेत. सात रात्री पाण्यात भिजलेल्या शरीरात मऊ अवयवांचं काय उरत असेल याची कल्पना केली की या गोंधळाचं नवल वाटत नाही.

त्याहून मला आवडते ती शार्ङ्गधराची कल्पना. शार्ङ्गधरसंहितेत सांगितलंय की नाभीपाशी असलेला प्राण हृदयकमळाला स्पर्श करून कंठावाटे बाहेर पडतो, आकाशातलं अमृत पितो आणि वेगाने परत येऊन सगळ्या देहाला तृप्त करतो. बाहेरच्या हवेत काहीतरी असतं, ते आपण आत घेतो आणि त्यावर जगतो, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. पण जाणीव आणि शोध यांत अंतर आहे. ते 'काहीतरी' काय आहे, किती आहे, कुठल्या वाटेने रक्तात जातं आणि ते काढून घेतलं तर काय होतं, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. ते करून बघायला माणसांना पुढे चारशे-पाचशे वर्षं लागली, आणि त्यात काहींचे जीव गेले.

ती गोष्ट सुरू होते गेलनपासून. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य. पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधत बांधत शिकला, पुढे रोमच्या बादशहांचा वैद्य झाला. माणूस अफाट होता. किंचाळणाऱ्या डुकराच्या गळ्यातल्या दोन बारीक नसा बांधून तो भरसभेत त्याचा आवाज बंद करून दाखवायचा. मणका कुठल्या पातळीवर कापला की श्वास थांबतो, हेही त्याने जनावरांवर करून पाहिलं. पण माणसाचं शरीर फाडायला बंदी. सगळा कारभार माकडं आणि डुकरं यांच्यावर. त्याने मांडलेली व्यवस्था अशी : रक्त यकृतात तयार होतं, हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं आणि मधल्या पडद्याला असलेल्या अदृश्य छिद्रांतून पाझरून डाव्या कप्प्यात जातं. तिथे त्याला फुप्फुसातून आलेली हवा भेटते. श्वासाचं काम काय, तर हृदयातली आग थंड करणं आणि आतला धूर बाहेर टाकणं. आपल्या चुलीला जसं धुराडं.

ती छिद्रं कुणी पाहिली होती? कुणीच नाही. पण गेलनने सांगितलीत म्हणजे असणारच. पुढे चौदाशे वर्षं युरोपातले आणि अरबस्तानातले वैद्य ती छिद्रं 'आहेत' असंच शिकवत राहिले.

या चौदाशे वर्षांत एकाने 'नाहीत' म्हटलं. त्याचं नाव इब्न अल-नफीस. दमास्कसजवळचा, जन्म १२१३ च्या सुमाराचा, तिथल्या नूरी इस्पितळात शिकलेला आणि पुढे कैरोत नावाजलेला. १२४२ साली, वयाची तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने इब्न सीनाच्या 'कानून'मधल्या शरीररचनेवर टीका लिहिली. आपल्याकडे गीतेवर टीका लिहितात तशीच : मूळ वचन द्यायचं आणि खाली आपलं म्हणणं. त्या टीकेत तो सरळ लिहितो की हृदयाच्या मधला पडदा घट्ट आहे, त्याला दिसणारी छिद्रं नाहीत आणि गेलन म्हणतो तशी न दिसणारीही नाहीत. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? एकच वाट उरते. उजव्या कप्प्यातून ते फुप्फुसात जातं, तिथे पसरतं, हवेशी मिसळतं आणि दुसऱ्या वाहिनीने डाव्या कप्प्यात परत येतं. आज शाळेतल्या पुस्तकात निळ्या-लाल बाणांनी दाखवतात तेच हे. विशेष म्हणजे हाच माणूस त्याच ग्रंथात सांगतो की धर्माज्ञा आणि स्वतःच्या मनातली करुणा यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो. खरोखरच राहिला का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटतं, शहाण्या माणसाने असं एक वाक्य लिहून ठेवावंच!

आणि मग हे पान हरवलं. इब्न अल-नफीस विस्मरणात गेला अशातला भाग नाही. त्याने 'कानून'चा केलेला सारांश हिंदुस्थानातल्या हकिमांच्याही अभ्यासात होता. पण त्या सारांशात शरीररचनेचा भाग नव्हता. शोध राहिला टीकेत आणि टीका राहिली कपाटात. १९२४ साली मुहयी अल-दीन अल-तातावी नावाचा इजिप्तचा तरुण डॉक्टर जर्मनीत प्रबंध लिहीत होता. बर्लिनच्या ग्रंथालयात त्याच्या हाती या टीकेचं हस्तलिखित पडलं, तेव्हा जगाला कळलं की 'युरोपीय' समजला जाणारा शोध तीनशे वर्षं आधी कैरोत लिहून झाला होता. भाच्याला मला हे सांगायचंय. विसरलेला माणूस शोधायचा असेल तर असा शोधावा, हस्तलिखित उघडून, ओळ दाखवून. तातावीला कुणी 'तुला आपलं काही चांगलं दिसत नाही' म्हणू शकलं नाही आणि 'हे तुझ्या मनाचे खेळ' असंही म्हणू शकलं नाही.

आता जिनिव्हात जाऊ. मिगेल सर्व्हेटस, स्पेनचा. पॅरिसला वैद्यक शिकला, पुढे नाव बदलून फ्रान्समध्ये व्हिएन गावी वैद्यकी करत राहिला. नाव बदलायचं कारण, त्याचा खरा ध्यास धर्मशास्त्राचा होता आणि त्रैक्याच्या सिद्धांताविरुद्ध त्याने तरुणपणीच लिहून ठेवलं होतं. १५५३ साली त्याने गुपचूप एक जाडजूड ग्रंथ छापून घेतला, 'ख्रिस्ती धर्माची पुनःस्थापना' अशा अर्थाच्या नावाचा. या धर्मग्रंथात मध्येच काही पानं हृदय आणि फुप्फुसावर आहेत. रक्त पडद्यातून जात नाही, फुप्फुसातून लांबच्या वाटेने जातं, तिथे त्याचा रंग उजळतो, असं तो लिहितो. फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी इतकी मोठी कशाला, केवळ फुप्फुसाला पोसायला एवढं रक्त लागत नाही, असा त्याचा बिनतोड सवालही आहे.

धर्मग्रंथात फुप्फुस कशाला, असं आपल्याला वाटेल. पण त्याच्या लेखी तो एकच विषय होता. देवाने मातीच्या माणसात श्वास फुंकला असं बायबलात आहे. तर तो श्वास शरीरात कुठल्या दाराने शिरतो, हे शोधायला नको का? श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द असलेल्या भाषा पुष्कळ आहेत. आपल्या 'प्राण'चंही तेच. आणि म्हणूनच श्वासाबद्दल बोलणं त्या काळात केवळ वैद्यकीय राहत नव्हतं.

व्हिएनच्या कॅथलिक अधिकाऱ्यांनी त्याला पकडलं. तो निसटला, तेव्हा त्यांनी त्याचा पुतळा जाळला. पळता पळता तो जिनिव्हात शिरला, कॅल्व्हिनच्या प्रॉटेस्टंट शहरात, आणि तिथे ओळखला गेला. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी शँपेलच्या टेकडीवर त्याला जिवंत जाळलं. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन पंथ, पण याला जाळण्यावर दोघांचं एकमत! त्याच्या ग्रंथाच्या प्रतीही शोधून शोधून जाळल्या. आज तीन उरल्यात : व्हिएन्ना, पॅरिस आणि एडिंबरा इथे.

गोव्याच्या वाचकाला इथे दुसरं एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता. जेवणाच्या सुट्टीत मी कित्येकदा तिथे बाकावर डबा खाल्लाय. ऑर्ता १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझाबरोबर गोव्यात आला आणि इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून त्याचं जाणं-येणं होतं, हकिमांशी आणि वैद्यांशी त्याच्या चर्चा व्हायच्या. सर्व्हेटसला जाळल्यानंतर दहा वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापून झाला. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. फुप्फुसाचा शोध ऑर्ताने लावला नाही, तसं मी म्हणत नाही. पण त्या ग्रंथात तो आपल्या काल्पनिक मित्राला बजावतो की मला डायस्कोरिडस आणि गेलन यांची भीती घालू नकोस, मी जे खरं आणि मला ठाऊक आहे तेवढंच बोलणार. पादुआत, पॅरिसात जे चाललं होतं तेच वाक्य इथे मांडवीच्या काठी बसून एक माणूस लिहीत होता. गेलन चुकू शकतो, आपण डोळ्यांनी पाहू.

ऑर्ता जन्माने ज्यू घराण्यातला, नवख्रिस्ती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. त्याचं नशीब म्हणून १५६८ मध्ये तो घरी बिछान्यात मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळलं. आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. जिवंतपणी सापडला नाही तर मेल्यावर! ज्या शहरात हे घडलं तिथल्या बागेला आज त्याचं नाव आहे, आणि बागेत बसणाऱ्या बहुतेकांना तो कोण ते ठाऊक नाही. असो.

विषयाकडे येतो. १५५९ मध्ये रेआल्दो कोलोंबो या पादुआत शिकवलेल्या शरीरशास्त्रज्ञाचा ग्रंथ निघाला. त्याने साधी गोष्ट केली. गेलनच्या मते फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या वाहिनीत हवा आणि धूर असायला हवा. कोलोंबोने जिवंत कुत्र्याची ती वाहिनी उघडून पाहिली. रक्ताने भरलेली! धुराचा पत्ता नाही. चौदाशे वर्षांचं धुराडं तिथेच कोसळलं. त्याच पादुआत पुढे विल्यम हार्वे शिकून गेला आणि १६२८ मध्ये त्याने सगळ्या शरीराचं रक्ताभिसरण मांडलं. शाळेत आपण फक्त 'रक्ताभिसरणाचा शोध – हार्वे' एवढंच पाठ करतो. एका गुणाचा प्रश्न. त्या एका गुणात केवढं काय जळलंय!

हार्वेच्या मांडणीत एक फट राहिली होती. रक्त धमनीतून येतं, शिरेतून जातं, पण एकातून दुसऱ्यात जातं कुठून? साध्या डोळ्यांनी ते दिसेना. १६५७ मध्ये हार्वे वारला आणि चार वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्यात मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाचं फुप्फुस भिंगाखाली धरलं. बेडकाचं फुप्फुस पातळ, पारदर्शक. त्यात त्याला दिसले हवेचे चिमुकले फुगे आणि त्या फुग्यांच्या भिंतींवर पसरलेलं केसांहून बारीक नळ्यांचं जाळं. रक्त कुठेही सांडत नव्हतं, नळीतून नळीत जात होतं. सुश्रुताचा तो 'फेस' अखेर कुणीतरी मोठा करून पाहिला होता.

या फेसाची मोजदाद आता झाली आहे. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोनच, कारण डावीकडे हृदयाला जागा सोडावी लागते. सगळे कोश उलगडून अंथरले तर सत्तरेक चौरस मीटर जागा व्यापतील. आमच्या पणजीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटपेक्षा जास्तच. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नाही, ते स्वतःहून फुगत नाही. खाली पडदा असतो, श्वासपटल, तो खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आपोआप आत येते. भाता ओढला की वारा शिरतो तसंच. दिवसाकाठी असे वीसेक हजार भाते आपण ओढतो आणि एकाचाही हिशेब ठेवत नाही.

भात्यावरून आठवलं. १६६७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हूकने खरोखरचे भाते वापरून एक प्रयोग केला. श्वास म्हणजे फुप्फुसाची हालचाल, ती थांबली की मरण, असं पुष्कळांना वाटे. हूकने कुत्र्याची छाती उघडली, श्वासनळीत भात्याने हवा सोडली आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या बाजूला बारीक भोकं पाडली. आता हवा सतत आत येत होती आणि भोकांतून बाहेर जात होती. फुप्फुस फुगलेलं, पण अजिबात न हलणारं. कुत्रा जिवंत राहिला. म्हणजे जगवते ती हालचाल नव्हे, ताजी हवा! तीन वर्षांपूर्वी असाच प्रयोग केल्यावर, त्या प्राण्याच्या यातना पाहून हे परत करवणार नाही, असं त्याने लिहून ठेवलं होतं. तरी केलाच. मला त्या कुत्र्याबद्दल काय वाटावं ते अजून ठरवता आलेलं नाही. कृत्रिम श्वासाची ही कल्पना तशी त्याहून जुनी. आंद्रेआस व्हेसेलियसने १५४३ मध्येच लिहून ठेवलंय की मरू लागलेल्या जनावराच्या श्वासनळीत बोरूसारखी नळी घालून फुंकलं तर फुप्फुस परत उठतं आणि हृदय सावरतं. आजचा व्हेंटिलेटर तो हाच.

दोन वर्षांत रिचर्ड लोअरने दाखवलं की काळसर रक्त लाल होतं ते फुप्फुसात, हवेमुळे. आणि १६७४ मध्ये जॉन मेयोने पाण्यावर पालथ्या घातलेल्या बरणीत एकदा मेणबत्ती आणि एकदा उंदीर ठेवून पाहिलं. दोन्ही वेळा हवा थोडी कमी झाली, पाणी वर चढलं आणि मग मेणबत्ती विझली, उंदीर मेला. हवेतला एकच कुठलातरी भाग दोघांना लागतो, हे त्याने ओळखलं. अजून पाच वर्षांत तो वारला, अडतिशीत, आणि पुढची शंभर वर्षं हे सूत्र कुणी उचललं नाही.

मग १ ऑगस्ट १७७४. जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या तांबड्या राखेवर भिंगाने ऊन धरून एक हवा मिळवली. तिच्यात मेणबत्ती भडकून जळाली. पुढच्या वर्षी तिच्यात ठेवलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त जगला. मग त्याने ती स्वतः ओढून पाहिली आणि छाती हलकी वाटली म्हणून नोंद केली. आतापर्यंत ही चैन दोन उंदरांनी आणि मी केली आहे, असंही गमतीने लिहिलं. पण आपण काय पकडलंय ते त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कळलं ते पॅरिसच्या अँत्वान लाव्हाझिएला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते तोललं आणि तेवढीच 'धुरी हवा' सोडणाऱ्या कोळशाशी ताडून पाहिलं. हिशेब जवळजवळ जुळला. श्वास म्हणजे अत्यंत सावकाश चाललेलं जळणं. गेलन म्हणत होता की श्वास आग विझवतो; निघालं उलटंच, श्वास आगीला घालतो. फक्त ही आग फुप्फुसात पेटते असं लाव्हाझिएला वाटलं. ती सगळ्या शरीरभर, कणाकणात पेटलेली असते, हे एकोणिसाव्या शतकात कळलं.

लाव्हाझिए सरकारी कर गोळा करणाऱ्या मक्तेदारांपैकी एक होता. ८ मे १७९४ रोजी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, त्या सगळ्यांबरोबर त्याचंही मुंडकं उडवलं. महसूल खात्याजवळ राहणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी!

त्याने या हवेला ठेवलेलं नाव ऑक्सिजन. ग्रीकमध्ये अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा'. सगळी आम्लं याच्यामुळेच होतात अशी त्याची समजूत होती, आणि ती पुढे साफ चुकीची ठरली. म्हणजे सगळं जग आज एका चुकीच्या नावाने या वायूला हाक मारतंय. गंमत पुढेच आहे. 'ऑक्सिजन' रूढ होण्याआधी फ्रेंच मंडळी त्याला 'जीवनदायी हवा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत होती. आपलं 'प्राणवायू' त्याच्या अगदी जवळ जातं. तेव्हा भाच्या, अभिमानच धरायचा असेल तर याचा धर. शोध आपला नाही, पण नाव ठेवताना मराठी माणसाने लाव्हाझिएपेक्षा बरं नाव ठेवलं.

आता शेवटचं, आणि हे लिहावं की नाही याचा बराच विचार केला.

१९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली (हा दुसरा प्रीस्टली) यांनी एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड वाढला म्हणून. मेंदूच्या तळाशी बसलेला कारकून आवकेची वही फारशी बघतच नाही, जावकेची बघतो. कार्बन डाय-ऑक्साइड नीट बाहेर पडत असेल तर आत प्राणवायू खूप खाली गेला तरी माणसाला गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही.

२०२१ चा मे महिना. गोव्यात ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, ते दिवस. भाच्याचे वडील, माझे भावोजी, ताप येऊन पाच दिवस झाले होते. खुर्चीत बसून पेपर वाचत होते, चहा मागत होते, दम लागला नव्हता. म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. बोटाला लावायचं यंत्र शेजाऱ्यांकडून आणलं ते केवळ सगळे लावतात म्हणून. आकडा आला ८३. आम्हाला वाटलं यंत्र बिघडलंय. माझ्या बोटाला लावलं तर ९८. मग परत त्यांच्या. परत ८३. त्या गोंधळात आणखी अर्धा दिवस घालवला, कारण 'दम तर लागत नाहीये ना'. आजीच्या सुताने त्या दिवशी काहीच सांगितलं नसतं. सूत छान हलत होतं. रात्रभर सिलिंडरसाठी धावला तो हाच माझा भाचा. भावोजी एकोणीस दिवसांनी घरी आले. जिना चढताना अजून मध्ये थांबतात, पण आहेत.

ते यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या अभियंत्याने शोधलं. बोटातून प्रकाश पलीकडे जाताना लाल आणि काळसर रक्त तो वेगवेगळा शोषतात, आणि नाडीच्या ठोक्यागणिक होणारा बदल मोजला की आकडा मिळतो. लोअरने १६६९ मध्ये पाहिलेला तोच रंग. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. जगभर घरोघरी त्यांचं यंत्र बोटांना लागायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. आमच्याकडचं यंत्र शेजाऱ्यांनी नंतर परत घेतलंच नाही. ते भावोजींच्या देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांबरोबर आहे.